भाद्रपदातलं फूल, वैशाखातलं पाणी



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

साधा अर्थ : जो कुणी मला भक्तीने एखादं पान, फूल, फळ किंवा पाणी देतो, त्या शुद्ध मनाच्या माणसाने प्रेमाने आणलेलं ते मी ग्रहण करतो.

हा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. पाठ असलेल्या श्लोकाचं एक होतं, तोंड म्हणत राहतं आणि मन पुढच्या कामाला लागलेलं असतं. म्हणून आज जरा सावकाश जाऊ. शिवाय सध्या भाद्रपद आहे. गणपती-गौरींचे दिवस, आणि घराघरांतल्या अंगणात वर्षातली सगळ्यात जास्त फुलं. या श्लोकाच्या अभ्यासाला याहून चांगले दिवस नाहीत.

शब्दांकडे पाहू

भगवंतांनी चार वस्तूंची नावं घेतली. पान, फूल, फळ, पाणी. कोणतं पान, कोणतं फूल, हे सांगितलंच नाही. कमळ हवं, सोनचाफा हवा, एकवीस हवीत, एकशे आठ हवीत, असं काही नाही. मूळ श्लोकात हे शब्द एकवचनी आहेत. एक पान. एक फूल.

मग मागितलंय काय? इतक्या छोट्या श्लोकात 'भक्ती' हा शब्द दोनदा आलाय. एकदा देताना, आणि पुन्हा आणलेल्या वस्तूबद्दल बोलताना. शिवाय देणाऱ्यासाठी 'प्रयतात्मा' हा शब्द आहे. ज्याचं मन शुद्ध आहे, आवरलेलं आहे, असा माणूस. म्हणजे वस्तूवर एकही अट नाही. सगळी अट आणणाऱ्या हातावर आणि त्या हातामागच्या मनावर.

आणखी एक गंमत. शेवटचं क्रियापद 'मी खातो' अशा अर्थाचं आहे. फळ खातात, ठीक. पण फूल कुणी खातं का?

ही गंमत ज्ञानेश्वर माउलींनी बरोब्बर टिपलीय. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ते देवाच्या तोंडून सांगतात, भक्ताने फळ नुसतं पुढे केलं की मी दोन्ही हात पसरतो आणि देठसुद्धा न काढता खातो. फुलाचा खरं तर वास घ्यायचा असतो, पण प्रेमाने दिलेलं फूल मी थेट तोंडातच घालतो. पुढे म्हणतात, फुलाचं राहू दे, पान असलं तरी चालेल. ते ताजंच हवं असंही नाही, सुकलेलं असलं तरी चालेल. आणि पानही मिळालं नाही तर? निदान पाण्याची तरी अडचण नसेल ना! ते तर कुठेही बिनमोल मिळतं. आणि या सगळ्याचं सार त्यांनी पुढे सांगितलंय. पान, फूल, फळ हे सगळं निमित्त आहे. देवाला हवी आहे ती भक्ती.

माउलींनी हे कुठे सांगितलं? नेवाशात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. ही प्रवरा नेवाशाला पोचण्याआधी माझ्या माहेरावरून जाते. माहेर म्हणजे कोल्हार, अहिल्यानगर जिल्ह्यात, राहाता तालुक्यात. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला गेला असाल तर प्रवरेचा पूल ओलांडलाच असेल. भगवती मातेचं गाव ते हेच. आज मी या श्लोकाबरोबर तुम्हाला तिथल्या अंगणात घेऊन जाणार आहे.

सध्या अंगणात काय फुललंय

कोल्हारला घाटमाथ्यासारखा धो धो पाऊस नाही. आमचा भाग सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला येतो. आषाढात नुसते ढग येतात आणि निघून जातात. भरवशाचा पाऊस पडतो तो बऱ्याचदा भाद्रपदात. त्यामुळे आमच्याकडे बाग उशिरा भरते. इतर ठिकाणी श्रावणात दिसतं ते आमच्याकडे गणपतीत दिसतं.

एखाद्या जुन्या घराचं अंगण डोळ्यांपुढे आणा. कुंपणाला जास्वंद. न्हाणीच्या बाजूला कर्दळ आणि गुलबक्षी. ओट्याच्या कडेने तेरडा. एका कोपऱ्यात प्राजक्त. झेंडूची रोपं अजून कळीवर, कारण त्यांना दसरा गाठायचाय. आणि शेवंती तर नुसती हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही.

ही फुलं देवघरात पोचण्याआधी कुठून येतात ते पाहू. मला वाटतं, आजच्या श्लोकाचा अर्थ तिथेच आहे.

जास्वंदीपासून सुरुवात करू. तिचं फूल जेमतेम एक दिवस टिकतं. बागेतल्या जास्वंदीला बी सहसा धरतच नाही. ती फांदी लावूनच वाढवतात. म्हणजे तुमच्या दारात जास्वंद असेल तर कधीतरी कुणीतरी कुणाला तरी फांदी तोडून दिलेली असते. शेजारणीने, नणंदेने, शाळेतल्या बाईंनी. गणपतीला वाहिलेल्या प्रत्येक जास्वंदीच्या मागे असा एक देणारा हात आहे, आणि बहुतेक वेळा तो कुणाचा होता हे आपण विसरून गेलेले असतो.

तेरड्याचं उलट आहे. तो बियांवर जगतो. त्याची पिकलेली बोंडं बोट लागताच तडकतात आणि बी लांब उडतं. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण नावं ठेवायला म्हणतो. पण तीन दिवसांत तो पुढच्या भाद्रपदाची सोय करून जातो, हे म्हणीत येत नाही.

झेंडूचं तर प्रत्येक घरी ठरलेलं असतं. दसऱ्याचं वाळलेलं तोरण उतरवायचं, फुलं जपून ठेवायची आणि पावसाळा लागला की चुरगळून मातीत टाकायची. आपण ज्याला झेंडूची पाकळी म्हणतो ते खरं तर एक एक छोटं फूलच असतं. म्हणून एका वाळलेल्या झेंडूत इतकं बी निघतं. मागच्या वर्षी देवाला वाहिलेलं, पुन्हा या वर्षी देवासाठी.

गुलबक्षी दुपार उतरली की, चार-पाचच्या सुमाराला उमलते आणि सकाळी ऊन चढलं की मिटते. तिचा कंद जमिनीत खोल असतो. उन्हाळ्यात वरचं झाड वाळून गेलं तरी आत कंद जिवंत राहतो. पाऊस झाला की पुन्हा फुटते.

प्राजक्ताची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळून पडतात. एरवी जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, पण प्राजक्ताला आपल्या परंपरेने ही सूट दिलीय. तो तोडायचा नसतो, वेचायचा असतो.

आणि शेवंती. ती अंधाराची वाट पाहते. रात्र मोठी होत गेली की तिला कळी धरते. तिच्यावर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर तिचं फुलणं आणखी लांबतं. म्हणून भाद्रपदात ती नुसती हिरवी दिसली तर 'ही काही फुलत नाही' म्हणून उपटायची नसते. तिची वेळ अजून यायचीय, एवढंच.

यादी उलटी वाचून पाहा

आता श्लोकातली ती यादी पुन्हा घ्या. पान, फूल, फळ, पाणी. पाणी सगळ्यात शेवटी आहे. अगदी काहीच नसेल तर पाणी, असं आपण समजतो. सगळ्यात गरीब नैवेद्य.

अंगणात मात्र क्रम उलटा आहे. आधी पाणी. मग पान. मग फूल. फळ त्याच्याही नंतर. पाण्यावाचून बाकीच्या तीनपैकी एकही वस्तू तुमच्या हातात येत नाही.

आमच्याकडचा वैशाख तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. प्रवरेवर वर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. त्याच्या पाटाच्या पाण्यावर आमच्या बाजूचा ऊस उभा राहतो. पण ते शेताचं पाणी. घरच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात मोजूनच वापरायचं असतं. मग कुंपणावरची जास्वंद कशी जगते? तांदूळ धुतलेल्या पाण्यावर. भाजी धुतलेल्या पाण्यावर. रात्रीच्या घागरीत तळाला उरलेल्या शिळ्या पाण्यावर. घरातली बाई सकाळी ते पाणी एका बादलीत जमवते आणि ऊन चढायच्या आत झाडांच्या बुडाशी ओतते. एप्रिल, मे, अर्धा जून. त्या दिवसांत झाडावर फूल नसतं. कळी नसते. पानंसुद्धा मलूल असतात. तरी ती ओतत राहते.

भाद्रपदात गणपतीच्या चरणी जी जास्वंद दिसते ती या पाण्याची आहे. फूल त्या दिवशीचं वाटतं, पण त्याचं अर्पण वैशाखातच सुरू झालेलं असतं.

माउली म्हणाले पाणी तर बिनमोल आहे. त्यांनी ते प्रवरेच्या काठी म्हटलं, आणि तिथे ते खरंच होतं. पण आज त्याच जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडकडची गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात १९७२ चा दुष्काळ अजून येतो. त्यामुळे मला तरी वाटतं, आज या चार वस्तूंमधली सगळ्यात मोलाची वस्तू पाणीच आहे. 'माझ्याकडे देवाला द्यायला फक्त पाणी आहे' असं म्हणणाऱ्याने स्वतःला गरीब समजू नये.

बाबांचे कच्चे घडे

हे सगळं मी माझ्या मनाचं सांगतेय असं वाटू नये म्हणून आमच्याच तालुक्यातली एक गोष्ट सांगते. श्रीसाईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात ती आहे.

शिर्डीत साईबाबांनी स्वतः बाग केली होती. राहात्याहून त्यांनी झेंडू, जाई, जुई आणली, जमीन साफ केली आणि लावली. विहिरीचं पाणी ते स्वतः खांद्यावरून घडे वाहून घालत. वामन तात्या नावाचे भक्त त्यांना रोज दोन मातीचे घडे देत. हे घडे भाजलेले नसत, कच्चेच असत. दिवसभर पाणी घालून झालं की बाबा संध्याकाळी ते निंबाखाली ठेवत. कच्ची माती ती, ठेवल्याबरोबर फुटून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन नवे घडे. असं तीन वर्षं चाललं. जिथे ही बाग होती तिथेच पुढे वाडा उभा राहिला, आणि १९१८ च्या विजयादशमीला बाबांनी देह ठेवल्यावर त्यांची समाधी त्याच वाड्यात झाली. आज आपण रांगेत उभं राहून जिथे डोकं टेकतो ती जागा एकेकाळी झेंडू आणि जाईची होती.

या गोष्टीतले घडे माझ्या मनातून जात नाहीत. बाबांना पक्के घडे मिळाले नसते का? पण कच्च्या घड्यात साठवून ठेवता येत नाही. आजचं पाणी आजच घालावं लागतं. घडा संध्याकाळपर्यंतच टिकतो. झाडाने प्यालेलं पाणी मात्र फूल होऊन राहतं.

आपलं शरीर कच्चा घडा आहे, असं कीर्तनात नेहमी ऐकतो आपण. ऐकून मान डोलावतो. पण या उन्हाळ्यात मला ते एका घरात दिसलं. त्याबद्दल आता सांगते.

एका मुलीचा प्रश्न

कोल्हारचीच एक मुलगी आहे. पुण्यात नोकरी करते. मला 'ताई' म्हणते. तिच्या परवानगीने, तिची ओळख न सांगता हे लिहितेय.

चैत्राच्या शेवटी तिची आई गेली. आजार मोठा नव्हता, निदान तसं कुणाला वाटलं नव्हतं. आईची बाग गल्लीत सगळ्यांना माहीत. गौरींच्या दिवसांत पाच-सहा घरच्या बायका सकाळी परड्या घेऊन तिच्या दारात यायच्या, आणि ती कुणाला रिकामी जाऊ द्यायची नाही.

गणपतीच्या सुट्टीत मुलगी घरी गेली आणि तिथून तिने मला फोन केला. म्हणाली, "ताई, बाग भरलीय. जास्वंद तर मोजता येत नाही इतकी. पप्पांनी आयुष्यात कधी कुंडीला पाणी घातलं नव्हतं. पण सगळा उन्हाळा ते रोज बादली भरून घालत होते. मला बोललेसुद्धा नाहीत. आता आमच्याकडे वर्षभर सण नाही, म्हणजे गौरी नाहीत. शेजारच्या काकू दारावरून जातात, पण दुःखाचं घर म्हणून फुलं मागत नाहीत. फुलं झाडावरच सुकतायत. ती कुणासाठी तोडू? आणि खरं सांगू का, माझा देवावर राग आहे. इतकी वर्षं आईने त्याला फुलं वाहिली. राग असताना वाहिलेलं फूल त्याला चालतं का?"

असल्या प्रश्नाला झटकन उत्तर देऊ नये. मी दिलं नाही. रात्री नववा अध्याय पुन्हा काढला, आणि जे दिसलं ते तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते, कारण असा प्रश्न तुमच्यापैकी कुणालाही कधी पडू शकतो.

पहिलं, रागाचं. श्लोकात 'आनंदी मनाने' असं म्हटलेलं नाही. 'भक्तीने' म्हटलंय. ज्याच्याशी काही नातंच नाही त्याच्यावर कुणी रागावत नाही. आपल्या संतांनी विठोबाशी भांडणं केलीत, जनाबाईंनी तर त्याला चांगलंच सुनावलंय, आणि त्याबद्दल कुणी त्यांना अभक्त म्हटलं नाही. मग माउलींचं ते सुकलेलं पान आठवा. पूजेच्या विधीत आपण ताजं फूल घेतो, ते बरोबरच आहे, तो आपल्या बाजूचा आदर झाला. पण घेणाऱ्याच्या बाजूने ताजेपणाची अट नाही. सुकलेलं पान चालतं, तर या वर्षी सुकून गेलेलं मनही चालेल. ते हिरवं झाल्याचं सोंग करून नेऊ नकोस, एवढंच.

दुसरं, पप्पांचं. 'प्रयतात्मा' म्हणजे कोण, याचा मी पुस्तकातला अर्थ वर दिलाच आहे. पण ज्या माणसाला बागेतलं काही कळत नाही, ज्याचं घर रिकामं झालंय, तो रोज सकाळी उठून बादली उचलतो आणि फूल नसलेल्या झाडाला पाणी घालतो, कुणाला सांगतही नाही, तो आवरलेल्या मनाचा माणूस नाही तर दुसरा कोण? त्यांनी देवासमोर हात जोडले असतील-नसतील. त्यांचं 'तोय' तीन महिने पोचत होतं.

याच्या पुढचाच श्लोक, नवव्यातला सत्ताविसावा, हेच सांगतो. तू जे करतोस, जे खातोस, जे देतोस, ते सगळं मला अर्पण कर. म्हणजे अर्पण देवघराच्या उंबऱ्यापाशी सुरू होत नाही. न्हाणीतून निघालेली बादलीसुद्धा त्यात येते.

तिसरं, फुलांचं. सण पाळायचा की नाही ही ज्याच्या त्याच्या घरची रीत. ती मोडा असं मी म्हणणार नाही. घरात गौरी नाहीत तर नाहीत. पण फुलं झाडावर ठेवलीस तरी ती वाया गेली असं समजू नकोस. ज्या देवाने फूल थेट तोंडात घातलं, त्याला ते देठावर असतानाही पोचतं. आणि तोडायचीच असतील तर आई ज्यांना द्यायची त्यांना दे. त्या घरांत गौरी आहेत. काकू संकोचाने मागत नाहीत, मग तूच नेऊन दे.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. तिने सकाळी परडी भरून बाहेर ओट्यावर ठेवली होती. शेजारच्या काकू आल्या, थोडा वेळ तिच्याजवळ बसल्या, आणि मग फुलं घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्या घरच्याही आल्या. घरात पूजा तिने केली नाही. संध्याकाळी पप्पांबरोबर झाडांना पाणी घातलं. दोघं काही बोलले नाहीत, असंही तिने लिहिलं होतं.

राग गेला का, हे मी विचारलं नाही. तो तिचा आणि देवाचा प्रश्न. पण आईच्या पाण्याची फुलं त्या वर्षीही पाच-सहा घरच्या गौरींपर्यंत पोचली. घडा फुटला होता, पाणी पोचलं होतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

आता तुमच्याकडे वळते. तुमच्यातले बरेच जण भाड्याच्या खोलीत, पीजीत, दहाव्या मजल्यावर राहता. अंगण नाही, कुंपण नाही. सकाळी ऑफिसची घाई. काही जण फुलपुडा घरपोच मागवता आणि मनात खुटखुटतं, की ही पूजा खरी का? काही जणांना फूल मिळतच नाही, म्हणून पूजाच अपुरी वाटते.

शिर्डीचंच उदाहरण घ्या. कोविडच्या काळात समाधी मंदिरात फुलं-हार न्यायचं बंद झालं आणि नंतरही बराच काळ बंदच राहिलं. आसपासच्या फूल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यासाठी आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ च्या अखेरीस फुलं पुन्हा सुरू झाली. या सगळ्यात मला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक म्हणजे त्या काळात रिकाम्या हाताने गेलेल्या कुणाचंही दर्शन कमी पडलं नाही. माउलींनी म्हटलंच आहे, फूल हे निमित्त. दुसरी गोष्ट, आपल्यासाठी जे निमित्त आहे ते कुणासाठी तरी पोट आहे. त्याने ते फूल पाणी घालूनच वाढवलेलं असतं. म्हणून विकतचं फूल कमी प्रतीचं नाही. त्यातही कुणाचा तरी वैशाख आहे. ते घेताना फूलवाल्या मावशींशी रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका, आणि ते हातात घेताना एवढं आठवा.

एक मात्र टाळा. पहाटे फिरायला गेल्यावर दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं न विचारता तोडणं. 'देवासाठीच तर नेतोय' हे उत्तर पुरेसं नाही. श्लोकात 'भक्तीने आणलेलं' म्हटलंय. ज्याने पाणी घातलं त्याला विचारलंच नाही, तर त्या आणण्यात भक्ती कुठे आली? विचारा. बहुतेक माणसं आनंदाने देतात. आणि ती ओळख फुलाहून जास्त टिकते.

आणि ज्यांना वाटतं की आपलं काही फुलतच नाही, नोकरी, लग्न, साधना, सगळं इतरांपेक्षा मागे पडलंय, त्यांनी ती हिरवी शेवंती आठवावी. भाद्रपदात तिला फूल नाही म्हणून तिचं पाणी कुणी बंद करत नाही.

आजचा अभ्यास

१. आज श्लोक म्हणताना प्रत्येक शब्दाला थांबा. पान म्हटल्यावर एक पान डोळ्यांपुढे आणा, फूल म्हटल्यावर एक फूल. आणि पाणी म्हटल्यावर आठवा, आपल्यासाठी कुणी कुणी पाणी घातलंय.

२. शक्य असेल तर एक कुंडी ठेवा. तुळस, गोकर्ण, सदाफुली, काहीही. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तिला घाला. फूल यायची घाई करू नका. घरातलं निर्माल्य नदीत टाकण्यापेक्षा याच कुंडीच्या मातीत मिसळा.

३. कुंडीही जमत नसेल तर सकाळी देवापुढे एक पेलाभर पाणी ठेवा आणि मनापासून म्हणा, "हे घे." नंतर ते पाणी झाडाला घाला, किंवा खिडकीत पक्ष्यांसाठी ठेवा.

४. तुमच्या ओळखीत यंदा एखादं दुःखाचं घर असेल तर तिथे काही मागायला नाही, नुसतं बसायला जा.

उद्या याच अध्यायातला सत्ताविसावा श्लोक घेऊ. आज त्याला नुसता हात लावलाय. तो नीट समजून घ्यायला वेगळा दिवस हवा.

देवा, आमच्यासाठी ज्यांनी उन्हाळ्यात पाणी घातलं, त्यातले काही आज आहेत, काही नाहीत. त्यांचं ते पाणी तुझ्यापर्यंत पोचलेलं आहे, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. आणि आमच्या हातातला आजचा घडा संध्याकाळच्या आत कुणाच्या तरी मुळाशी रिता होऊ दे.

रामकृष्णहरी.